आधी ‘नाही’ सांगा

सांगलीत ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. माणसं नकार देतात, भरपूर देतात, पण तो शब्द न वापरता. शिंप्याला विचारा, ब्लाउज गुरुवारी मिळेल का? “देऊ की.” गवंड्याला विचारा, उद्या येणार ना? “येऊ की, त्यात काय.” यातलं खरं कुठलं आणि बोलण्यापुरतं कुठलं, हे ओळखायला इथंच जन्मावं लागतं. मी इथंच जन्मले, तरी अजून फसते.

अशा गावात दिनकर माने काहीही विचारलं की आधी ‘न्हाई’ म्हणायचे. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याची वाटही बघायचे नाहीत. “माने, चहाला येता का?” “न्हाई.” “माने, हे आज होईल?” “न्हाई.” मग थोडं थांबून कारण, आणि कारण सांगून झालं की बऱ्याचदा तेच काम करायला बसलेले दिसायचे. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला ते उद्धट वाटत. माझी तर पहिले काही दिवस खात्रीच होती की हा माणूस चक्रम आहे.

ऑफिस म्हणजे विश्रामबागेत एका दवाखान्याच्या वरच्या तीन खोल्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंटरनेट हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता, बघितलं होतं थोड्यांनीच. आम्ही पतसंस्थांची, शाळांची लहानसहान सॉफ्टवेअर करायचो आणि अलीकडे वेब पेजही करायला लागलो होतो. मी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. माने चाळिशी ओलांडलेले, रहिमतपूरचे, आणि बरीच वर्षं एका फिरत्या नाटक कंपनीत पडद्यामागे काढलेले. नेपथ्य उभं करायचं, पाडायचं, ट्रकात भरायचं. कंपनी बंद पडल्यावर त्यांनी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, त्यातून कॉम्प्युटरकडे वळले आणि तिथंच रमले. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण स्वतःबद्दल काही विचारलं तरी त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असे.

एकदा आमच्या मालकांच्या मुलीचं बारसं होतं. मालक टेबलाटेबलाशी जाऊन आमंत्रण देत होते आणि आम्ही सगळे “येऊ की” म्हणत होतो. माने म्हणाले, “न्हाई.” मालकांचा चेहरा उतरला. रविवारी आमच्यातले निम्मे फिरकलेच नाहीत. माने मात्र सगळ्यांच्या आधी हजर, बाह्या सरसावून पाळण्याला झिरमिळ्या बांधत होते. मी विचारलं तर म्हणाले, “तवा ठरलं नव्हतं. न ठरलेलं हो कशाला सांगायचं? न्हाई म्हटलेला आला तर एक पान मांडायला कितीसा येळ लागतो? हो म्हटलेला आला न्हाई की वाढलेलं पान तसंच ऱ्हातं, आन् वाढणारी बाई दाराकडं बघत बसती.” त्यांना पानापेक्षा त्या बाईचं वाईट वाटत होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसरी सवय पायांची. ते माणसाच्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघायचे. मला ते चमत्कारिक वाटायचं. मग एकदा त्यांनीच सांगितलं की पडद्याच्या खालच्या फटीतून पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांचे नुसते पाय दिसतात, आणि इतकी वर्षं त्यांनी प्रेक्षक म्हणून तेवढंच पाहिलं. “पाय हलाया लागले की समजायचं, पब्लिक सुटलं. तोंडं लय मागनं बोलत्यात.” ऑफिसात आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत चुळबुळायच्या आत माने पाण्याचा ग्लास घेऊन उभे असत. बरं, नम्र वगैरे होते असं मुळीच नाही. आपण केलेलं काही जमलं की ते खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरलासुद्धा वर बोलावून दाखवत.

एका धर्मादाय संस्थेच्या दोन रक्तपेढ्या होत्या, एक सांगलीत आणि एक साताऱ्यात. दोन्हीकडचा साठा दोन्हीकडच्या खिडकीवर दिसावा, असं तिथल्या मुख्य डॉक्टरांच्या मनात आलं. आमच्या मालकांनी बैठकीत विचारलं, हे काम कोण घेतं? तर माने म्हणाले, “मी.” आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

साताऱ्याचं मशीन बघायला आम्ही दोघं एसटीनं निघालो. पेठ नाका मागे पडल्यावर मी विचारलं, “माने, या खेपेला ‘न्हाई’ कुठं गेलं?” ते बाहेरच्या उसाकडे बघत होते. मग म्हणाले, “माझी थोरली आक्का बाळंतपणात गेली. लोक म्हणत्यात, रक्त मिळालं न्हाई म्हणून गेली. तसं न्हाई. खिडकीवरच्या माणसानं ‘बसा, बघतो’ म्हटलं, म्हणून गेली. मी बसलो. माणूस वाईट नव्हता वो. खरंच बघत होता. ह्याला विचार, त्याला विचार. शेवटाला बाहीर येऊन न्हाई म्हणाला. तवा म्होरच्या गावाला जायाला टाइमच उरला नव्हता. मी गेल्या गेल्या त्यानं न्हाई म्हटलं असतं, तर मी पळालो असतो.”

मग तेच पुढं म्हणाले, “लोकांला वाटतं, हो लौकर पायजे. हो जरा मागनं आलं तरी चालतंय, मॅडम. न्हाई लौकर याया पायजे.”

डॉक्टरांना हौस दांडगी. रक्त तोवर पिशव्यांतून यायला लागलं होतं, पण त्यांना साठ्यातल्या प्रत्येक पिशवीमागे पडद्यावर एक लाल बाटली हवी होती. मुदत संपलेली बाटली फिकट, कुणासाठी राखून ठेवलेल्या बाटलीच्या गळ्यात पट्टी. लांबून बघितलं तरी साठा कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही तसं पेज केलं. ऑफिसातल्या नव्या मशीनवर ते झकास दिसलं. साताऱ्याचं मशीन जुनं होतं आणि साठा भरपूर.

साताऱ्याच्या खिडकीवर हवालदार शिर्के बसायचे. फौजेतून निवृत्त झालेले, पण मिशा अजून ड्यूटीवर. पहिल्याच दिवशी त्यांचा फोन आला. “मॅडम, तुमचं मशीन स्टॅच्यू झालंय. बटन दाबलं की हलत न्हाई, डुलत न्हाई. रक्ताचा गट टाइप करतोय तर अक्षर उठंना.” मशीन बंद पडलं नव्हतं, ते बाटल्यांची चित्रं काढत होतं. त्या काळचे ब्राउझर मोठा तक्ता पुरता जुळल्याशिवाय दाखवायचेच नाहीत. त्यात आमचा प्रोग्राम एका दमात सगळ्या बाटल्या काढायला बसला, की कुणी कितीही कीबोर्ड बडवला तरी त्याला पत्ता नसे. हवालदार वैतागून पुन्हा बटण दाबत आणि बाटल्यांचं काम पहिल्यापासून सुरू होई. “मग लोकांना काय सांगता?” मी विचारलं. “काय सांगणार? बसा म्हणतो, बघतो.”

मानेंनी ते माझ्या हातातल्या फोनमधून ऐकलं असावं. डबा अर्धा टाकून ते उठले.

मी म्हटलं, बाटल्या रद्दच करू. “न्हाई,” माने म्हणाले. “डॉक्टरांचं बरोबर हाय. रातपाळीला पेंगलेल्या माणसाला आकड्यापरीस बाटली लौकर कळती. बाटल्या ठिवायच्या. कवा काढायच्या, ते आपुन ठरवायचं.” आणि संध्याकाळी मला त्यांनी एका हौशी मंडळाच्या नाटकाला नेलं. नाटकाला म्हणजे विंगेत.

पडद्यापुढे एक नोकर आणि एक मालकीण कसल्या तरी फालतू गोष्टीवरून भांडत होते आणि प्रेक्षक हसत होते. त्याच वेळी पडद्यामागे चारपाच जण एका घराचा दरबार करत होते. भिंती निघत होत्या, खांब येत होते. मानेंनी मला एका सुताराकडे बघायला सांगितलं. तो दोनचार खिळे ठोकायचा, हात थांबवायचा, पडद्याकडे कान द्यायचा, पुन्हा दोनचार ठोकायचा. मी विचारलं, “एकदाच सगळे ठोकून मोकळा का होत नाही?”

“आन् म्होरच्या नटाचं वाक्य आलं म्हंजे?” माने कुजबुजले. “ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं. कुणी बोलावलं तर हातोडा टाकून जायाचं. आपल्या ब्राउझरमधी गडी एकच हाय. बाटल्या बी त्योच काढणार आन् बटनाकडं बी त्योच बघणार. त्याला सगळ्या बाटल्या एका दमात सांगितल्या, म्हणून त्यो भैरा झाला.”

जावास्क्रिप्टमध्ये एखादं काम ‘थोड्या वेळानं कर’ असं सांगता येतं, हे मला ठाऊक होतं. मी ते पेजवरचं घड्याळ चालवायला वापरलं होतं. बाटल्यांचे घास पाडून प्रत्येक घासानंतर गड्याला मान वर करायला लावता येईल, हे आम्हाला तिथं विंगेत उभं राहून सुचलं. आधी कुणाला सुचलं, यावर आमचा पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो काही मिटला नाही. दरबार उभा राहिला, पडदा गेला, टाळ्या पडल्या. माने टाळ्यांकडे लक्ष न देता त्या सुताराला चहा द्यायला गेले.

आम्ही पेज नव्यानं बांधलं. गट टाइप केला की आकडा ताबडतोब. मग बाटल्या, मूठमूठ करून. मधेच दुसरा गट विचारला तर उरलेल्या बाटल्या सोडून द्यायच्या आणि नव्या प्रश्नाकडे वळायचं. हवालदारांचा फोन आला. “मॅडम, मशीन आता खरं फौजी झालं. हाक मारली की ‘जी साब’.” मानेंनी कंपाउंडरला वर बोलावलं आणि त्या बिचाऱ्याला सगळ्या गटांच्या बाटल्या बघाव्या लागल्या.

नंतर एका सकाळी हवालदारांचा पुन्हा फोन आला, पण आवाज वेगळा होता. “माण तालुक्यातनं एक जण आला होता काल. आईला ‘बी निगेटिव्ह’ रक्त पायजे होतं. तुमच्या मशीननं झटक्यात दोन दाखवल्या. मी म्हटलं, हाय, बसा. आन् आत काढायला गेलो. फ्रिजमधी त्या गटाची देण्याजोगी एक बी न्हाई.”

झालं असं होतं की आम्ही आधी दाखवत होतो तो आकडा नोंदवलेल्या सगळ्या पिशव्यांचा. मुदत संपलेल्या आणि राखून ठेवलेल्या त्यातून वजा व्हायच्या त्या बाटल्या काढताना, म्हणजे मागाहून. बाटली फिकट किंवा पट्टीवाली निघाली की आकडा एकानं उतरायचा. दोनाचं शून्य झालं तेव्हा हवालदारांची पडद्याकडे पाठ होती. आत सगळी कपाटं धुंडाळून ते बाहेर आले तोवर तो माणूस शांतपणे बसून होता, कारण त्याला ‘हाय’ म्हणून सांगितलं होतं. शेवटी त्याच्याच गावचा, त्याच गटाचा एक सुट्टीवर आलेला जवान निरोप पोचताच येऊन रक्त देऊन गेला आणि म्हातारी वाचली.

मी मानेंना सांगितलं. वजाबाकी बाटल्यांबरोबर ठेवायची, हे त्यांनीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला आले नाहीत. हवालदारांकडून कळलं की पहिल्या एसटीनं साताऱ्याला जाऊन ते खिडकीसमोरच्या बाकावर बसलेत. कुणाशी बोलत नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघतात. परत आले तेव्हा माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, “मी त्या खिडकीत सांगलीकर बसवला, मॅडम. ‘देऊ की’ म्हणणारा.” मला त्यांचं फार वाईट वाटलं. काही समजुतीचं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर ते आधीच मशीनपाशी पोचले होते. “म्होरं काय बी चालवा,” ते पडद्याकडे बघत म्हणाले, “पर जे मागं उभं न्हाई, ते आलं म्हणून सांगायचं न्हाई.”

यावेळी त्यांनी वेगळी मांडणी केली. विचारलेल्या एकाच गटाची वजाबाकी आधी पुरी करायची. एका गटाची म्हटल्यावर ते काम चिमूटभर होतं. तेवढं होईपर्यंत पडद्यावर ‘मोजतोय’ एवढाच शब्द. मग खरा आकडा. आणि दोन्हीकडे काहीच नसेल तर मोठ्या अक्षरांत ‘नाही’. बाकी सगळं, म्हणजे बाटल्या, दुसरे गट, महिन्याचा आलेख, त्याच्यानंतर सवडीनं.

डॉक्टरांना ते पटेना. “रक्तपेढीत आलेल्या माणसाला पहिला शब्द ‘नाही’? माने, त्याचा धीर सुटेल. आणि खिडकीवरच्याला काय, ‘नाही’ म्हटलं की सुटलो, ही सवय लागेल.”

माने म्हणाले, “धीर सुटला तर सुटू दे साहेब, टाइम सुटाया नको.” आणि लगेच पुढं म्हणाले, “पर दुसरं बोललात ते खरं हाय. ते माझ्या ध्यानात आलं न्हाई.”

मार्ग डॉक्टरांनीच काढला. ‘नाही’च्या खाली आसपासच्या रक्तपेढ्यांचे फोन नंबर ठेवायचे. पडदा माणसाकडे फिरवायचा नाही, तोंडानं सांगायचं. आणि एखादीकडून ‘आहे’ म्हणून कळेपर्यंत खिडकीवरच्यानं फोन खाली ठेवायचा नाही. माने परतीच्या वाटेवर मला म्हणाले की हौशी माणूस आहे, पण डोकं जाग्यावर आहे. त्यांच्या तोंडून ही फार मोठी स्तुती होती.

त्यानंतर लवकरच मानेंना पुण्यात नोकरी लागली आणि ते गेले. निरोपाचा चहा वगैरे झालाच असेल, मला त्यातलं काही आठवत नाही. मला ते दिसतात ते नवीन पेज बसवायला आम्ही साताऱ्याला गेलो होतो, त्या दुपारचे.

आम्ही हवालदारांच्या मागे उभे होतो. पेज चालू होऊन थोडाच वेळ झाला होता. एक तरणा माणूस धावत आला. चपला धुळीनं भरलेल्या, एका हातात डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात रक्ताच्या नमुन्याची काचेची नळी. बायको सिव्हिलमध्ये बाळंतपणाला आणलेली, रक्त थांबत नव्हतं. “आवं, ए निगेटिव्ह हाय का?” त्यानं दोन्ही गोष्टी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. हवालदारांनी गट टाइप केला. ‘मोजतोय’ नीट वाचूनही झालं नाही, तोच पडद्यावर ‘नाही’ आलं.

हवालदारांनी एकदा मागे मानेंकडे बघितलं. मग मान खिडकीकडे वळवून म्हणाले, “आमच्याकडं न्हाई, गड्या. सांगलीला बी न्हाई. जाऊ नको, थांब.” आणि नंबर फिरवला. पहिला लागला नाही. दुसरा कराडचा, तो लागला. हवालदार दोन वाक्यं बोलले आणि रिसीव्हर कानाशी तसाच धरून म्हणाले, “कराडला हाय. तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवत्यात. चिठ्ठी घे आन् पळ.”

तो क्षणभर नुसता उभा राहिला. इतक्या लवकर कुणी पळ म्हणेल याची त्याला सवय नसावी. मग चिठ्ठी उचलून पळत सुटला. आमच्या पडद्यावर बाकीच्या गटांच्या बाटल्या मूठमूठ करून येत होत्या आणि तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मी मानेंकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायच्या फंदात पडले नव्हते. ते कट्ट्याकडे बघत होते. काचेची नळी तिथंच राहिली होती. नमुना जुळवून बघितल्याशिवाय कराडवाले रक्त हातात देणार नव्हते.

मी “अहो माने” म्हणेपर्यंत ते दारातून बाहेर पडले होते. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. चष्मा एका हातात, नळी दुसऱ्या मुठीत छातीशी धरलेली. फाटकाबाहेर त्या माणसाच्या गावची जीप चालू होती आणि तिनं वळण घ्यायला सुरुवात केली होती. माने रस्त्याच्या मधोमध पळत होते, मागून येणारे हॉर्न मारत होते. आक्काच्या वेळी ते बसले होते. आज ते पळत होते, आणि मी खिडकीचे गज धरून त्यांच्यासाठी देवाचं नाव घेत होते.

जीप कोपऱ्यावर हळू झाली. मागच्या फाळक्यावरून एक हात बाहेर आला, त्यानं मानेंच्या दंडाला धरलं आणि त्यांना आत ओढून घेतलं.

हवालदार फोनवर कराडला सांगत होते, “हां, निघाला.” मग खिडकीतून जरा वाकून बघत म्हणाले, “न्हाई, थांबा. दोघं निघाल्यात.”